लिखाणाचा सांगाडा : वर्डमधली आउटलाइन आणि आपली जुनी ग्रंथरचना

आजच्या विषयाचं नाव फलकावर वाचून दोघा-तिघांनी मला बाहेरच विचारलं, की सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता कॉम्प्युटरचा क्लास घेणार का? क्लास घेणार नाही. पण वर्ड प्रोसेसरमध्ये एक सोय आहे, ती जवळजवळ चाळीस वर्षं तिथं पडून आहे, आणि दहा पानांपेक्षा जास्त लिहिणाऱ्या माणसाला तिच्याइतकी उपयोगी दुसरी कुठलीच सोय नाही, असं माझं मत आहे. आपल्याकडे ती फारसं कुणी वापरत नाही. न वापरण्याचं कारण तांत्रिक नाही. ते आपण लिखाणाकडे कसं बघतो त्यात आहे, म्हणून हा विषय माझ्या वाट्याचा आहे असं मी समजतो.

आधी अडचण काय ते बघू. वर्ड उघडलं की समोर पांढरा कागद दिसतो. तो कागद नसतो, कागदाचं सोंग असतं. पण सोंग इतकं हुबेहूब आहे की आपण त्याच्याशी टाइपरायटरसारखं वागतो. शीर्षक द्यायचं असलं की ओळ निवडतो, ठळक करतो, अक्षर मोठं करतो, मधोमध आणतो, वर-खाली दोन-तीनदा एंटर मारतो. डोळ्याला ते शीर्षक दिसतं. यंत्राच्या लेखी मात्र ती फक्त एक जाड ओळ असते. या ओळीखाली पुढची सहा पानं येतात, ती हिची लेकरं आहेत, हे यंत्राला कुणी सांगितलेलंच नसतं.

ते सांगायची पद्धत म्हणजे स्टाइल. त्याच ओळीवर कर्सर ठेवून ‘हेडिंग १’ ही स्टाइल लावा. त्याच्या पोटातल्या भागाला ‘हेडिंग २’, त्याच्याही पोटातल्याला ‘हेडिंग ३’. वर्डमध्ये अशा नऊ पातळ्या आहेत. नऊ लागत नाहीत. तीनच्या खाली जाणारा माणूस लेखक राहत नाही, कारकून होतो, असा माझा अनुभव आहे. एवढं केलं की यंत्राला ओळींच्या पलीकडचं काही कळतं. मग ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘आउटलाइन’ निवडा. तीनशे पानांचा मजकूर मिटतो आणि नुसती शीर्षकं उरतात, घराचं छप्पर उतरवून वरून खोल्या बघाव्यात तशी. शीर्षकाशेजारी अधिकचं चिन्ह असतं. त्यावर दोनदा क्लिक केलं की पोटातला मजकूर उघडतो, पुन्हा केलं की मिटतो. ते चिन्ह धरून वर-खाली ओढलं, की त्या शीर्षकाखालचं सगळं बिऱ्हाड सोबत हलतं.

हे शेवटचं वाक्य तुम्हाला साधं वाटेल. माझ्या पिढीला विचारा. आम्ही प्रबंध हातानं लिहिला, मग टायपिस्टकडे दिला, त्यानं कार्बन घालून प्रती काढल्या. मार्गदर्शक म्हणाले, की तिसरं प्रकरण दुसऱ्याच्या आधी हवं होतं, तर नुसता क्रम बदलून भागत नसे. पानांचे आकडे बदलत, ‘मागील प्रकरणात पाहिल्याप्रमाणे’ असली वाक्यं बदलत, म्हणजे पुन्हा टायपिंग आणि पुन्हा पैसे. त्यामुळे व्हायचं काय, की क्रम चुकीचा आहे हे कळूनही तो तसाच ठेवायचा मोह व्हायचा. कित्येक प्रबंधांची रचना विचारानं ठरलेली नाही, टायपिंगच्या दरानं ठरलेली आहे. आज तो खर्च शून्यावर आलाय. तरीही आमचे आजचे विद्यार्थी डीटीपीवाल्याच्या शेजारी स्टुलावर बसून अनुक्रमणिकेत पानांचे आकडे हातानं घालून घेतात, आणि दुसऱ्या दिवशी एक परिच्छेद वाढला की सगळे आकडे एकेकानं पुढे सरकवतात. शीर्षकांना स्टाइल लावलेली असेल तर ‘रेफरन्सेस’मधून अनुक्रमणिका आपोआप तयार होते, आणि मजकूर बदलला की तिच्यावर कर्सर ठेवून एफ ९ दाबायचं, आकडे ताजे होतात.

पण अनुक्रमणिका हा या सोयीचा दुय्यम फायदा झाला. अनुक्रमणिका लिहून झाल्यावर वाचकासाठी असते. आउटलाइन लिहिताना लिहिणाऱ्यासाठी असते. हा फरक धरून ठेवा.

आपल्याला शाळेत लावलेली सवय आठवते का? ‘दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहा.’ चार-पाच शब्द, मध्ये आडव्या रेघा, आणि आपण त्या जोडत जायचं. वाईट पद्धत नव्हती ती. पण त्यात मुद्दे नेहमी दुसऱ्यानं दिलेले असायचे. मुद्दे काढायचे कसे, त्यांतला कुठला कुणाच्या पोटात जातो, कुठला आधी येतो, हे कुणी शिकवलं नाही. शालान्त परीक्षा पास झालेला माणूस जन्मभर दुसऱ्याचे मुद्दे जोडण्यात पटाईत असतो आणि स्वतःचे मुद्दे मांडायची वेळ आली की गांगरतो.

आपल्या परंपरेत हे शिकवलेलं नव्हतं असं मात्र नाही. न्यायसूत्रं घ्या. पाच अध्याय, प्रत्येकाची दोन आह्निकं. आह्निक म्हणजे साधारण एका दिवसाचा पाठ. पहिल्याच सूत्रात गौतम सोळा पदार्थांची नावं सांगून मोकळा होतो: प्रमाण, प्रमेय, संशय, प्रयोजन असं करत निग्रहस्थानापर्यंत. व्याख्या नाही, वाद नाही, फक्त नावं. भाष्यकार वात्स्यायन यावर म्हणतो, की या शास्त्राची चाल तीन टप्प्यांची आहे. आधी उद्देश, म्हणजे नाव घेणं. मग लक्षण, म्हणजे त्या नावाची वस्तू इतरांपासून वेगळी काढणं. मग परीक्षा, म्हणजे ते लक्षण टिकतं का ते तपासणं. मी विद्यार्थ्यांना सांगायचो, की उद्देश म्हणजे तुमची हेडिंग १. वस्तूचं नावच घेतलं नसेल तर परीक्षा कशाची करणार? बहुतेक कच्च्या लिखाणात परीक्षा आधी येते आणि नाव सतराव्या पानावर.

दुसरं उदाहरण आपल्या अंगणातलं. समर्थ रामदासांचा जन्म जांबचा, आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातला. दासबोधात वीस दशक, प्रत्येकात दहा समास, म्हणजे दोनशे समास आणि साडेसात हजारांहून जास्त ओव्या. प्रत्येक समासाला विषय सांगणारं नाव. मूर्खलक्षण, उत्तमलक्षण, आणि प्राध्यापकांनी अधूनमधून वाचावं असं पढतमूर्खलक्षण. पहिल्या दशकाचा पहिला समास म्हणजे या ग्रंथात काय काय आलं आहे त्याचं कथन. आणि गंमत बघा, एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे: अक्षर कसं वाटोळं आणि मोकळं असावं, ओळी कशा सारख्या असाव्यात, कागद-शाई-लेखणी कशी असावी. म्हणजे आज ज्याला आपण फॉरमॅटिंग म्हणतो ते रामदासांनी दोनशेतल्या एका समासात बसवलं, आणि उरलेला ग्रंथ रचनेवर उभा केला. आपलं गणित उलटं आहे. आपण फॉन्ट निवडण्यात एक संध्याकाळ घालवतो.

तिसरं उदाहरण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, आणि तेही इथलंच. इथून पैठणचा रस्ता धरला की ज्या गावाला आपण पोचतो, तिथं चक्रधरस्वामींचा बराच वावर होता. स्वामी गेल्यानंतर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यानं जे पाहिलं-ऐकलं त्याच्याकडे जाऊन विचारलं, आणि त्यातून लीळाचरित्र झालं. त्याची रचना काळाच्या ओघानं जाते: एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध. प्रत्येक लीळा म्हणजे छोटा प्रसंग, तिला छोटं नाव. त्यानंतर केशोबास आले. त्यांनी या लीळांमधून स्वामींची वचनं वेगळी काढली आणि विषयवार लावली. आचार एकीकडे, विचार एकीकडे. तो सूत्रपाठ.

आता बघा काय झालं. सामग्री तीच, सांगाडे दोन. पहिल्या सांगाड्यात तुम्हाला कळतं, की स्वामी कुठे, कुणाशी, कशावरून बोलले. दुसऱ्यात कळतं की त्यांचं म्हणणं एकंदर काय होतं. पहिल्यात सिद्धान्त विखुरलेला, दुसऱ्यात प्रसंग हरवलेला. आणि प्रसंग हरवल्याची खंत त्या लोकांना होती, म्हणून पुढे ‘प्रकरणवश’ नावाचं वाङ्मय तयार झालं. कुठलं सूत्र कुठल्या प्रसंगावरून निघालं, ते त्यात सांगितलेलं असतं. अधिकच्या चिन्हावर क्लिक करून मिटलेला मजकूर उघडावा, तसंच हे. पोथीच्या काळात मिटवणं आणि उघडणं यासाठी दोन वेगवेगळे ग्रंथ लागले, दोन पिढ्या लागल्या.

पडद्यावर मिटवणं-उघडणं पहिल्यांदा जगाला दाखवलं ते डग्लस एंगलबार्ट यांनी, ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत. बाजारातून आणायच्या वस्तूंची यादी घेऊन त्यांनी तिचे गट पाडले, गट मिटवले, उघडले. तोच माउस पहिल्यांदा लोकांनी पाहिला तो कार्यक्रम. लोकांना माउस लक्षात राहिला, यादी विसरली. पुढे १९८३ साली डेव्ह वायनर यांचं ‘थिंकटँक’ हे खास आउटलाइनचं सॉफ्टवेअर आलं, आणि त्या दशकातच वर्डनं ही सोय आपल्या पोटात घेतली. इतिहास एवढा पुरे.

आता प्रत्यक्ष एक प्रकरण सांगतो. माणसाचं आणि गावाचं नाव सांगत नाही, त्यांनी तसं म्हटलंय. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. जायकवाडीचं काम १९६५ मध्ये सुरू झालं आणि १९७६ मध्ये धरण पुरं झालं. नाथसागरात जी गावं गेली, त्यांतलं एक गुरुजींचं. तीन वर्षांपासून ते गावाच्या आठवणी लिहीत होते. लिहीत म्हणजे फोनला सांगत होते. मराठीत बोललं की फोन टाइप करतो, ते तुम्हाला माहीत आहे. नातवानं तो मजकूर वर्डमध्ये आणून ठेवला. तीनशेवर पानं झाली. गुरुजी माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘सर, लिहून झालंय, पण पुस्तक होईना.’

मला हे वाक्य फार नेमकं वाटतं. आपल्या तालुक्यात असे लिहून झालेले आणि पुस्तक न झालेले ढीग किती असतील! कुणी गावाचा इतिहास लिहिलाय, कुणी भूदान पाहिलेलं, कुणी दुष्काळाची वर्षं. माणूस जातो, फाइल लॅपटॉपमध्ये राहते, लॅपटॉप भंगारात जातो. लिहिण्याचा कंटाळा हे याचं कारण नाही. ढिगाकडे बघून माणूस थकतो. कुठून धरावं ते कळत नाही.

गुरुजींनी मध्येमध्ये ठळक अक्षरांत नावं दिली होती. सुदैवानं सगळी एकाच आकारात. वर्डमध्ये ‘सिलेक्ट’खाली सारख्या फॉरमॅटिंगचा मजकूर निवडायची सोय आहे. ती वापरली, सगळ्या ठळक ओळी एकदम निवडल्या गेल्या, आणि त्यांना एका फटक्यात हेडिंग लावलं. मग ‘व्ह्यू’मधून नॅव्हिगेशन पेन उघडलं. डावीकडे साठ-बासष्ट नावांची माळ उभी राहिली. गुरुजींनी चष्मा पुसला आणि पहिल्यांदा आपलं लिखाण एका नजरेत पाहिलं.

पहिल्या पाच मिनिटांत त्यांनाच दिसलं, की पोळा तीनदा आलाय, वेगवेगळ्या ठिकाणी, थोडा थोडा वेगळा. शाळा सात ठिकाणी विखुरलेली. शाळेची सातही नावं ओढून एकाखाली आणली. ती जवळजवळ नव्वद पानं भरली. मास्तरच ते! त्यांना हसू आलं. मग त्या माळेत खालून कुठेतरी, ‘आमचे शिक्षक’ आणि ‘बाजाराचा दिवस’ यांच्यामध्ये, एक नाव होतं: ‘पाणी आलं’. क्लिक केलं. दीड पान.

मी विचारलं, ‘गुरुजी, हे एवढंच?’

ते म्हणाले, ‘सर, ते तर सगळ्यांना माहीतच आहे.’

‘गावातल्यांना. वाचणाऱ्याला नाही.’

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘फोनसमोर तोंडानं सांगवत नाही ते.’

तीनशे पानांच्या ढिगात ते दीड पान दडून बसलं होतं. दडवायचं असं त्यांनी ठरवलं नव्हतं. सलग लिखाणात अशा गोष्टी आपोआप दडतात, कारण प्रत्येक पान दुसऱ्या पानासारखंच दिसतं. सांगाडा उघडा पडला तेव्हा प्रमाण दिसलं: शाळेला नव्वद पानं, आणि ज्या कारणासाठी हे पुस्तक लिहायचं, त्याला दीड. कुठल्याही संपादकानं हे सांगितलं असतं तर गुरुजींना राग आला असता. पडद्यानं दाखवलं तेव्हा वाद घालायला कुणी नव्हतं.

आम्ही ‘पाणी आलं’ला वर चढवून स्वतंत्र भाग केला आणि त्याच्या पोटात रिकामी उपशीर्षकं लिहिली. नोटीस. मोजणी. मोबदला. घरांची लाकडं उतरवली ते. देव हलवले ते. नवी वस्ती, पहिला पावसाळा. प्रत्येकाखाली काहीच नाही. गुरुजी म्हणाले, आता एकेका दिवशी एकेक सांगता येईल, सगळं एकदम सांगायची गरज नाही. तो भाग आता चाळीस पानांच्या पुढे गेलाय. त्यातली दोन उपशीर्षकं अजून रिकामी आहेत, आणि ती कधी भरायची ते त्यांचं ते ठरवतील.

रिकामं शीर्षक ही मोठी चीज आहे बरं का. कागदावर रिकामी जागा सोडली तर ती किती सोडायची याचा प्रश्न पडतो. इथं शीर्षक वाट बघत उभं राहतं, जागा खात नाही. आपल्या तलाठ्याच्या दप्तराचं तत्त्व हेच आहे. गाव नमुने एक ते एकवीस. सातबारा म्हणजे नमुना सात आणि नमुना बारा, हे शेतकऱ्याला न शिकवता माहीत असतं. नोंद असो वा नसो, नोंदीची जागा ठरलेली. बिडकीनच्या लोकांना हे जास्त समजावून सांगायला नको. औद्योगिक क्षेत्रासाठी जमिनी गेल्या तेव्हा कुठला कागद कुठल्या नमुन्यात असतो ते प्रत्येक घरानं शिकून घेतलं.

आता आउटलाइनची मर्यादा. सांगाडा काय सांगतो? कोण कुणाच्या पोटात, आणि कोण कुणाच्या आधी. का आधी, हे सांगत नाही. आमच्या मीमांसकांनी एका अधिकरणाची पाच अंगं मानली. विषय, त्याबद्दलचा संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त, आणि संगती. पहिली चार तुम्ही शीर्षकांत मांडू शकता. पाचवं नाही. संगती म्हणजे याच्यानंतर हेच का, याचं उत्तर. नैयायिकांनी तर संगतीचे सहा प्रकार मोजले आहेत. त्यांतला ‘अवसर’ मला आवडतो: आधीच्या गोष्टीबद्दलची वाचकाची जिज्ञासा शमली, मध्ये आडवं येणारं काही उरलं नाही, म्हणून आता या गोष्टीची पाळी. ‘हेतुता’ म्हणजे एक दुसऱ्याचं कारण आहे. ‘प्रसंग’ म्हणजे बोलता बोलता आठवलं आणि टाळता येण्यासारखं नाही. हा शेवटचा प्रकार आपल्या लिखाणात गरजेपेक्षा जास्त असतो, माझ्या व्याख्यानांतही.

म्हणून मी विद्यार्थ्यांना एक काम द्यायचो. आउटलाइन समोर ठेवा, आणि प्रत्येक दोन शीर्षकांच्या मध्ये एक जोडशब्द तोंडानं म्हणा. ‘म्हणून’, ‘पण’, ‘त्याआधी’, ‘याउलट’. जिथं फक्त ‘आणि’ सुचतं, तिथं थांबा. ‘आणि’ म्हणजे संगती सापडलेली नाही. चार शीर्षकं ओळीनं ‘आणि’ने जोडली गेली तर ती यादी आहे, लेख नाही.

शीर्षकांच्या भाषेबद्दलही एक. ‘शिक्षणाचे महत्त्व’, ‘पाण्याची समस्या’, ‘स्त्रियांचे स्थान’ असली शीर्षकं आउटलाइनमध्ये फार देखणी दिसतात आणि काहीच म्हणत नाहीत. लिहून होईपर्यंत शीर्षक पूर्ण वाक्यात ठेवा. ‘शिक्षण’ असं न लिहिता ‘शाळा चौथीपर्यंतच होती म्हणून मुली घरी बसल्या’ असं लिहा. आता तुमच्यावर बंधन आलं. खालच्या पानांनी हे सिद्ध करायला हवं. छापायच्या वेळी हवं तर आखूड करा. याला जोडून एक सोय आहे, तीही कुणी वापरत नाही. आउटलाइन व्ह्यूमध्ये प्रत्येक परिच्छेदाची फक्त पहिली ओळ दाखवायचा पर्याय आहे. तो लावून आपलाच लेख वाचून बघा. पहिल्या ओळींवरून लेखाचा धागा लागत असेल तर ठीक. नसेल, तर परिच्छेद कुठेही सुरू होतायत आणि कुठेही संपतायत.

काही जण म्हणतील, की आम्ही असे आखून-रेखून लिहिणारे नाही, आम्हाला लिहिता लिहिता सुचतं. तसंच लिहा. व्हिटगेनश्टाइनचं ‘ट्रॅक्टेटस’ १९२१ साली प्रसिद्ध झालं. त्यात सात मुख्य विधानं, आणि त्यांच्या पोटात दशांश क्रमांकांनी लटकलेली बाकीची. सातव्याच्या पोटात मात्र काही नाही. इतका आखीव ग्रंथ विरळा. हाच माणूस पुढे आयुष्यभर सुट्या टिपणांत विचार करत राहिला, टिपणं कापून पुन्हा पुन्हा लावत राहिला. आउटलाइन दोघांच्याही कामाची आहे. एक आधी शीर्षकं मांडतो आणि भरतो. दुसरा आधी लिहितो, मग शीर्षकं लावून बघतो की आपण काय लिहिलं. मला स्वतःला दुसरी रीत जास्त मानवते. पहिल्या आठवड्यात सांगाडा करायला बसलं की सांगाडाच गोंडस होत जातो आणि मांस कधी भरत नाही. कवितेच्या वाटेला मात्र हे यंत्र नेऊ नका.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी दोन व्यावहारिक अडचणी सांगतो, कारण त्या इंग्रजी पुस्तकांत सापडत नाहीत. पहिली, जुने फॉन्ट. कृतिदेव, श्रीलिपीचे जुने फॉन्ट यांत टाइप केलेला मजकूर पानावर मराठी दिसतो, पण आत ती इंग्रजी अक्षरं असतात. नॅव्हिगेशन पेन स्वतःचा फॉन्ट वापरतं, म्हणून तिथं तुमची शीर्षकं अगम्य खुणांसारखी दिसतात. माणसाला वाटतं सोय बिघडली. सोय ठीक आहे, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. दुसरी अडचण: हेडिंगची स्टाइल बदलून अक्षर मोठं केलं, तरी मराठी अक्षर तेवढंच राहतं. कारण वर्ड देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वेगळ्या रकान्यात ठेवतं. स्टाइल बदलताना फॉन्टच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा भाग असतो, तिथं बदल करायचा. एकदा करून ठेवलं की झालं.

ज्यांना वर्ड विकत घ्यायचं नाही त्यांनी लिब्रेऑफिस घ्यावं, ते फुकट आहे. त्यात एफ ५ दाबलं की नॅव्हिगेटर उघडतो, शीर्षकं वर-खाली करता येतात. हेडिंग लावायला तिथं कंट्रोल आणि १. वर्डमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि १. आणि वर्डमध्ये ऑल्ट व शिफ्ट धरून डावा बाण दाबला की शीर्षक एक पातळी वर चढतं, उजवा दाबला की खाली उतरतं. एवढ्या चार-पाच कळा पुरतात.

वेळ झालाय, पण दोन चिठ्ठ्या आल्यात त्या घेतो.

पहिली एका ताईंची: ‘माझ्याकडे कॉम्प्युटर नाही, फक्त मोबाइल आहे. हे होईल का?’ होईल. गूगल डॉक्स घ्या. ओळ निवडा, वरच्या ‘ए’ अक्षराच्या खुणेतून स्टाइल उघडा, हेडिंग लावा. मग तीन ठिपक्यांच्या यादीत ‘आउटलाइन’ असं मिळेल. फोनवर शीर्षकं उडी मारून गाठण्यासाठी ती चांगली आहे. भाग इकडून तिकडे हलवण्याचं काम मात्र मोठ्या पडद्यावर करा. महिन्यातून एकदा कुणाचा तरी कॉम्प्युटर दोन तास मागून घेतला तरी चालेल. लिहायचं फोनवर, लावायचं तिथं.

दुसरी चिठ्ठी: ‘आता एआय क्षणात आराखडा करून देतं, मग आपण शिकायचं कशाला?’ मिळतो आराखडा, हो. शाळेतल्या मुद्द्यांसारखाच, दुसऱ्यानं दिलेला. गुरुजींच्या गावावर मागितला असता तर ‘विस्थापन’ हे शीर्षक त्यात नक्की आलं असतं, बहुधा चौथ्या क्रमांकावर, नीटनेटकं. पण आपण त्याला दीडच पान दिलंय हे गुरुजींना आपल्या स्वतःच्या मजकुराची शीर्षकं बघूनच कळलं. ज्यांच्या घरी अशी एखादी फाइल पडून आहे, त्यांनी ती पेन ड्राइव्हवर घेऊन या. पुढच्या रविवारी सकाळी मी याच ठिकाणी दोन तास बसणार आहे.